उलथापालथीच्या वर्षाचा हिशेब: नवी ध्येयं ठरवण्याआधी जुनी यादी मिटवा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय चौतीस. फेब्रुवारीत नोकरी गेली. मे महिन्यात दुसरी मिळाली, पण वेगळ्या क्षेत्रातली आणि कमी पगाराची. जूनपासून वडिलांचं आजारपण सुरू झालं आणि ऑगस्टच्या अखेरीस ते गेले. आईच्या जवळ राहता यावं म्हणून त्यानंतर तुम्ही घर बदललंत. गेल्या जानेवारीत वहीत नऊ ध्येयं लिहिली होती, त्यातलं एकच पूर्ण झालं. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. हे वर्ष वाया गेलं का? नव्या वर्षासाठी ध्येयं ठरवावीत का, आणि ठरवली तर कशी? आणि ती इतरांना सांगावीत का?

मी बरीच वर्षं समुपदेशन करते. वर्ष संपत आलं की हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. माझं उत्तर आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: नवी ध्येयं जरूर ठरवा, पण त्याआधी जुन्या नऊ ध्येयांचा एकेक करून, लेखी निकाल लावा. ती यादी लिहिली तेव्हा तुमची जुनी नोकरी होती, वडील होते, घर वेगळं होतं. त्या आयुष्यासाठी केलेली यादी तुम्ही या आयुष्यात ओढत आणलीत, आणि नव्या संकल्पांचं ओझं तिच्याच डोक्यावर चढवायला निघालात. संकल्प मोडण्याचं खापर माणसं इच्छाशक्तीवर फोडतात. माझ्याकडे येणाऱ्यांत मला बऱ्याचदा दिसतं ते वेगळंच असतं: मागचं काही सोडलेलंच नसतं.

आधी पहिला प्रश्न. ‘यंदा काहीच झालं नाही’ हे वाक्य मनात येतं ते हिशेब करून येत नाही, आठवणीतून येतं. आणि आठवण वर्षाची सरासरी काढत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग मी अनेकांना सांगते. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच एक मिनिट, आणि त्यापुढे आणखी अर्धा मिनिट, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलेलं. यातलं कोणतं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण त्रास जास्त असलेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. अनुभव किती लांबला हे आपल्या लक्षात फारसं राहत नाही. राहतो तो त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट. तुमच्या वर्षातला सर्वांत तीव्र क्षण ऑगस्टचा आणि शेवट घर आवरण्याचा, सामसुमीचा. त्या दोन जागांवरून सगळं वर्ष तोलायला गेलात तर ते रिकामंच दिसणार.

म्हणून आठवणीवर विसंबू नका, पुरावे काढा. फोनमधले फोटो, कॅलेंडर, बँकेचं स्टेटमेंट, पाठवलेले मेसेज. एका बैठकीत बारा महिने उरकू नका, तीन संध्याकाळी चार-चार महिने घ्या. वर्षाच्या शेवटच्या रात्री तर मुळीच बसू नका, त्या रात्री मन हिशेबाच्या अवस्थेत नसतं. वहीच्या प्रत्येक पानावर महिन्याचं नाव लिहा, मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे ‘घडलं’, उजवीकडे ‘केलं’. डावीकडे तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी, उजवीकडे तुम्ही स्वतः उचललेली पावलं, कितीही लहान असली तरी.

तुमच्या पत्रात जेवढं आलंय त्यावरून जुलैचं पान साधारण असं दिसेल. डावीकडे: वडील दुसऱ्यांदा दवाखान्यात, ऑफिसात परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, बचत मोडावी लागली. उजवीकडे: औषधांच्या वेळांचा तक्ता करून दारामागे लावला. साहेबांशी बोलून दोन दिवस घरून काम मागून घेतलं. रात्री अकराला गाडी काढून वडिलांना घेऊन गेलो. हे शेवटचं वाचताना तुम्हीच थांबाल, कारण नऊपैकी पूर्ण झालेलं एकमेव ध्येय गाडी चालवायला शिकणं हे होतं, आणि तुम्ही त्याचा उल्लेख पत्रात ‘त्यातलं सर्वांत फालतू’ असा केलाय. पान समोर असलं की असं म्हणणं अवघड जातं.

या दोन रकान्यांचा मी इतका आग्रह धरते त्याला कारण आहे. उलथापालथीच्या वर्षात माणसं दोन प्रकारे स्वतःवर अन्याय करतात. जे घडलं त्याचा दोष स्वतःकडे घेतात (‘मी जास्त चांगलं काम केलं असतं तर नोकरी राहिली असती’), आणि जे केलं त्याचं श्रेय परिस्थितीला देतात (‘ते काय, करावंच लागलं’). करावं लागलं हे खरं, पण तरी ते तुम्ही केलंत. काहींच्या बाबतीत उजवा रकाना खरोखर रिकामा निघतो, आणि तेही कळायला हवं. तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही.

दुसरं, भार किती होता हेही एकदा मोजून पाहा. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. प्रत्येक घटनेनंतर माणसाला पुन्हा घडी बसवायला किती कष्ट पडतात, त्यानुसार गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या कुटुंबीयाचा मृत्यू ६३, नोकरीवरून कमी होणं ४७, घरातल्या कुणाच्या प्रकृतीत मोठा बदल ४४, आर्थिक स्थितीतला बदल ३८, घर बदलणं २०. तुमचं वर्ष एवढ्यावरच २१२ वर जातं, नव्या क्षेत्रातल्या कामाचे ३६ गुण अजून धरलेच नाहीत. ही पट्टी ढोबळ आहे, सगळ्यांना एकाच मापाने मोजते, म्हणून मी तिच्यावरून निदान करत नाही. पण तिच्यात लग्नाला ५० आणि स्वतःच्या मोठ्या यशाला २८ गुण आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. आनंदाचा बदलही माणसाला थकवतो. मूल झालं, बढती मिळाली, नवं घर घेतलं, तरी वर्षअखेर गळून गेल्यासारखं वाटू शकतं, आणि त्यात कृतघ्नपणा काहीच नाही. हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते, कारण चांगल्या बदलाने दमलेली माणसं मदत मागायला संकोचतात.

वर्ष वाया गेलं का, याचं उत्तर त्या बारा पानांवरून तुम्हीच द्याल. आता यादीकडे वळू.

पूर्ण न झालेली आठ ध्येयं तुम्ही लिहून पाठवलीत ते बरं केलंत: जुन्या कंपनीत बढती, घराच्या अग्रिम रकमेसाठी बचत, अर्ध मॅरेथॉन, आठ किलो वजन कमी करणं, वर्षभरात चोवीस पुस्तकं, नवी भाषा, रोज ध्यान, आणि वडिलांच्या तोंडून त्यांच्या लहानपणच्या आठवणी लिहून घेणं.

अर्धवट राहिलेलं ध्येय डोक्यात स्वस्थ बसत नाही. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम दुसऱ्या कामातही मध्ये मध्ये डोकावतं आणि लक्ष खातं, पण त्या कामासाठी नेमकी योजना केली की, काम अजून झालेलं नसतानाही, हा त्रास बराचसा थांबतो. माझ्या अनुभवात सोडून देण्याचा स्पष्ट निर्णयही असाच मोकळं करतो. त्रास होतो तो अधांतरी ठेवलेल्या ध्येयांचा. ‘बघू पुढे’ या शब्दांवर वर्षानुवर्षं लटकलेल्या गोष्टींचा.

सोडणं म्हणजे हार, हे आपल्या मनात इतकं खोल रुजलंय की त्यावर थोडं सविस्तर लिहिते. कार्स्टेन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलेल्या अभ्यासांत असं आढळलं, की जे ध्येय आता शक्य राहिलेलं नाही त्यातून ज्यांना मन काढून घेता येतं आणि दुसऱ्या अर्थपूर्ण गोष्टीत घालता येतं, त्यांची मनःस्थिती अधिक चांगली राहते. यात दोन वेगळी कौशल्यं आहेत, सोडणं आणि नवं धरणं. काहींना सोडता येतं पण नवं धरता येत नाही, ती माणसं पोकळीत राहतात. काही भराभर नवं धरतात पण जुनं सोडत नाहीत, ती दमतात. तुमचं पत्र वाचून तुम्ही दुसऱ्या गटातले वाटता. सोळा नव्या ध्येयांचा कच्चा मसुदा तुम्ही सोबत जोडलाय.

तर प्रत्येक जुन्या ध्येयाला एकच प्रश्न विचारा: आजच्या माझ्या आयुष्यात, आज पहिल्यांदाच सुचलं असतं, तर मी हे ठरवलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर ते नव्या रूपात पुढे न्या. ‘नाही’ असेल तर तसं लिहून सोडा. ‘हो, पण आत्ता नाही’ असेल तर पुन्हा उघडण्याची तारीख घाला, आणि ती तारीख येईपर्यंत त्याकडे बघू नका.

बढतीचं ध्येय सोपं आहे. ती नोकरी गेली, ध्येयही गेलं. पण लिहिताना नुसतं खोडू नका, त्यामागे काय हवं होतं ते एका ओळीत लिहा: मान? पैसा? अवघड काम करायला मिळणं? बढती गेली तरी ती गरज गेलेली नसते, आणि नव्या ध्येयांचं बी त्या ओळीत असतं. घरासाठीची बचत ‘आत्ता नाही’मध्ये जाईल, कारण आधी आजारपणात मोडलेली गंगाजळी भरायला हवी. चोवीस पुस्तकं, नवी भाषा आणि ध्यान यांबद्दल माझं स्पष्ट मत आहे की ती सोडावीत. तुमच्याच शब्दांत ती ‘सगळे करतात म्हणून’ लिहिली होती. उसनी ध्येयं सोडताना वाईट वाटत नाही, हलकं वाटतं. एखादं सोडून हलकं वाटलं नाही तर ते खरंच तुमचं होतं असं समजा आणि परत घ्या.

धावण्याचं आणि वजनाचं वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरपासून आईला सोबत म्हणून रोज सकाळी चालायला जाता. हे तुम्ही ध्येयांच्या यादीत कुठेच धरलेलं नाही आणि जानेवारीपासून ‘व्यवस्थित व्यायाम’ सुरू करायचा बेत आहे. कृपा करून असं करू नका. नव्या वर्षाचा पहिला दिवस, महिन्याची सुरुवात, सोमवार, वाढदिवस अशा टप्प्यांवर माणसांना नव्याने सुरुवात करण्याचा हुरूप येतो, हे हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं आणि ते प्रसिद्धही झालं. त्यातल्याच दाय यांचं २०१८ मधलं काम मात्र कमी लोकांना माहीत असतं. पाटी कोरी केल्याने ज्यांचं आधी नीट चाललेलं नव्हतं त्यांना फायदा होतो, पण ज्यांचं चांगलं चाललं होतं त्यांची कामगिरी उलट घसरू शकते. म्हणजे अडलेल्या गोष्टीला नवा मुहूर्त द्यावा आणि चालत्या गोष्टीला हात लावू नये. तुमचं चालणं चालू आहे. त्याला जानेवारीत नवं नाव, नवं ॲप, नवं लक्ष्य काही देऊ नका. चालत राहा.

राहिलं आठवं. वडिलांच्या आठवणी लिहून घेणं. यादी पाठवताना तुम्ही हे सगळ्यात शेवटी, वेगळ्या ओळीवर लिहिलंय आणि त्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

हे बाकीच्या सातांसारखं खोडता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. जे ध्येय माणसासोबत गेलं, ते सोडणं हा शोकाचाच भाग आहे आणि शोक वहीतल्या वेळापत्रकाने चालत नाही. लोक तुम्हाला लगेच पर्याय सुचवतील. त्यांच्या भावंडांशी बोल, मित्रांना भेट, फोटो गोळा कर. पर्याय चांगले आहेत, पुढे कदाचित त्यांतलं काही कराल. पण आधी हे मान्य करायला जागा द्या की जे हवं होतं ते आता मिळणार नाही. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, ते राहिलं. वहीत एका पानावर ते तसंच लिहा, सारवासारव न करता. काय विचारायचं होतं तेही लिहा, प्रश्नांची यादीच करा. अनेक जण हे पान लिहिताना पहिल्यांदा मनसोक्त रडतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट मला प्रत्यक्ष कामात पटत आली आहे: शोकातला माणूस दुःखाकडे आणि रोजच्या आयुष्याकडे असा आलटून पालटून जात राहतो, आणि हे येणं-जाणं हेच बरं होण्याचं लक्षण असतं. सकाळी ऑफिसचं काम झटून केलंत आणि संध्याकाळी कोसळलात तर त्यात विसंगती नाही.

इथेच एक धोक्याची खूण सांगून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, सोबत झोप-भूक बिघडली असेल, स्वतःला निरुपयोगी समजणं किंवा जगू नये असं वाटणं सुरू असेल, तर ध्येयांची वही मिटा आणि आधी डॉक्टरांकडे जा. जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. अशा अवस्थेत ठरवलेली ध्येयं स्वतःला शिक्षा करण्याचं साधन होतात.

आता नवी ध्येयं. सोळा नकोत. तीनच घ्या, त्यांतही एकच मोठं. तुमच्या घरात नवी रचना बसतेय, नोकरी नवी आहे, दुःख ताजं आहे. शिवाय आपला वेळेचा अंदाज नेहमी कमी निघतो. १९९४ मधल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस लागतील म्हटलं आणि लागले सुमारे ५५. ‘सगळंच बिघडलं तर किती लागतील’ याचा त्यांचा अंदाजही प्रत्यक्षाहून कमीच होता. शांत वर्षातही अंदाज इतका चुकतो, तर तुमच्या पुढच्या वर्षात मोकळी जागा ठेवणं हा योजनेचाच भाग समजा.

मुदतही फार लांबची घेऊ नका. ‘पुढच्या दहा वर्षांत मी’ असे तक्ते तुमच्या मसुद्यात आहेत. क्वॉइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांनी २०१३ मध्ये १९ हजारांहून जास्त लोकांना विचारून पाहिलं: मागच्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, पुढच्या दहांत किती बदलाल? सगळ्या वयांचे लोक सांगत होते की मागे खूप बदललो, आता पुढे फारसा बदल होणार नाही. गेल्या जानेवारीत तुम्हीही तेच गृहीत धरलं होतं. मी तीन महिन्यांचं ध्येय घ्यायला सांगते, एप्रिलमध्ये पुन्हा बसायचं.

मोठं ध्येय माझ्या मते नोकरीचं असावं, पण तुम्ही लिहिलंय तसं नाही. ‘वर्षअखेर टीममध्ये पहिल्या तिघांत’ हे कामगिरीचं ध्येय आहे. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या संशोधनाने हे पक्कं केलंय की नेमकं आणि आव्हानात्मक ध्येय हे ‘होईल तेवढं करू’ यापेक्षा चांगलं काम करवून घेतं. त्यांनी २००२ मध्ये ३५ वर्षांच्या कामाचा आढावा घेतला तेव्हा एक मर्यादाही नोंदवली, आणि ती बरेच जण विसरतात. काम गुंतागुंतीचं आणि नवं असेल तर निकालाचं कडक ध्येय उलट नडतं, तिथे शिकण्याचं ध्येय घ्यावं. तुम्ही नव्या क्षेत्रात आहात. तेव्हा: ‘मार्चअखेरपर्यंत मासिक अहवाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणाच्या मदतीशिवाय करता येईल इतकं शिकायचं, त्यातल्या न समजणाऱ्या पाच गोष्टी आधी शोधायच्या.’ हे नेमकं आहे आणि तुमच्या हातातलंही.

वाक्यरचना बघा. तुमच्या मसुद्यात निम्म्याहून जास्त वाक्यं ‘नाही’ने संपतात: उशिरा झोपायचं नाही, फोन बघायचा नाही, चिडायचं नाही. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांच्या नववर्ष संकल्पांचा वर्षभर पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. काहीतरी करण्याचे संकल्प ५८.९ टक्के लोकांनी पाळल्याचं सांगितलं, काहीतरी टाळण्याचे ४७.१ टक्क्यांनी. आईवर चिडायचं नाही हे ठरवण्यापेक्षा, ऑफिस संपल्यावर खोलीबाहेर येण्याआधी दहा मिनिटं एकटं बसायचं हे ठरवा. चिडचिड कुठून येते ते तुम्हीच पत्रात लिहिलंय: शेवटची मीटिंग संपते आणि त्याच क्षणी घरातल्या कामांची यादी समोर येते.

आणि त्याला जागा-वेळ बांधा. पीटर गोल्विट्झर यांची ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करेन’ अशा वाक्यांची पद्धत साधी आहे, पण ९४ चाचण्यांच्या २००६ मधल्या एकत्रित विश्लेषणात तिचा परिणाम चांगलाच ठळक दिसला. ‘लॅपटॉप बंद केला की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसेन.’ एवढंच. ध्येय पुरं झाल्याची सुंदर चित्रं रंगवत बसण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी. गॅब्रिएले ओएटिंगेन यांनी थॉमस वॅडन यांच्यासोबत १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा यशाची खात्री बाळगणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं, पण बारीक झालेल्या स्वतःची गोड स्वप्नं पाहणाऱ्यांचं कमी. स्वप्न पाहा, पण लगेच पुढचा प्रश्न विचारा: यात माझ्या आतलं काय आडवं येईल? तुमच्या बाबतीत आडवं येणारं मला दिसतं ते असं, की एक दिवस चुकला की तुम्ही सगळं सोडून देता. ध्यान मार्चमध्ये असंच सुटलं.

याला दोन उत्तरं आहेत. एक, फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात ९६ जणांनी रोजची एक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. ज्यांच्या नोंदींवरून नीट अंदाज काढता आला, त्यांच्यापैकी निम्म्यांना ती अंगवळणी पडायला ६६ दिवसांहून कमी लागले, निम्म्यांना जास्त, आणि अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. २१ दिवसांत सवय लागते असं जे सांगतात ते विसरा. याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात काही मोठा फरक पडत नाही. दुसरं उत्तर स्वतःशी बोलण्याचं. स्वतःला सांभाळून घेतलं तर आपण सैलावू, ही भीती तुमच्या पत्रात तीन ठिकाणी आहे. ब्राइन्स आणि चेन यांनी २०१२ मध्ये एका अवघड परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे समजुतीने पाहायला लावलं. पुढच्या परीक्षेसाठी त्याच विद्यार्थ्यांनी जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःला फटकारून माणूस काही दिवस धावतो, नंतर ती वहीच उघडायची टाळतो.

तीन ध्येयांतलं दुसरं मोडलेली बचत भरण्याचं असू द्या: पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप वळती होईल अशी बँकेत सोय करा आणि त्याचा विचार करणं सोडा. तिसऱ्याची जागा तीन महिने रिकामी ठेवा. तुम्हाला हे खटकेल, तरी ठेवा. पुढच्या काळात आईला काय लागणार आहे ते अजून तुम्हाला आणि तिलाही कळलेलं नाही.

शेवटचा प्रश्न, सांगावं का. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आपण कोण होणार आहोत हे जाहीर करणं, आणि आपण काय केलं हे कळवणं. गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या प्रयोगांत, ज्यांनी आपला असा इरादा दुसऱ्याला कळू दिला त्यांनी प्रत्यक्ष काम कमी केलं. लोकांनी दखल घेतली की अर्धं गाठल्यासारखं वाटतं. याउलट हार्किन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा प्रगतीची नोंद ठेवल्याने ध्येय गाठायला मदत होते असं दिसलं, आणि ती नोंद लेखी असेल किंवा दुसऱ्यापुढे मांडली जात असेल तर आणखी जास्त.

म्हणून सगळ्यांना संकल्प कळवणारा मेसेज पाठवू नका. आईलाही तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगू नका. ती सध्या तुमच्या चेहऱ्यावरून घरातलं हवामान ओळखत असणार, तिला तुमच्या अपयशाचीही काळजी कशाला? एकच मित्र किंवा मैत्रीण निवडा, जिला तुमच्या यशापयशाने काही फरक पडत नाही अशी. दर रविवारी रात्री तीन ओळींचा मेसेज: अहवालातली कोणती गोष्ट या आठवड्यात समजली, खुर्चीत किती दिवस बसलो, पुढच्या आठवड्यात काय अडेल. समोरच्याने फक्त वाचायचं आणि वाचल्याची खूण पाठवायची. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, हे पहिला मेसेज पाठवण्याआधीच बोलून ठेवा.